पाच नंबरच्या वाडीचा जादा उपसा

"मॅडम, सिस्टिमने डिसिजन घेतला!"

सकाळचे साडेसात वाजले होते. मी नायगावच्या घरी, चौदाव्या मजल्यावर, चहाचा दुसरा कप घेऊन बसले होते. फोनवर रश्मी होती, आमच्या प्रोजेक्टची डेटा इंजिनिअर. घरातलं बाळ पहिल्यांदा उभं राहिल्यावर माणसं फोन करतात, तसा तिचा आवाज होता.

"कसला डिसिजन?"

"पाच नंबरची मोटर बंद केली. स्वतःहून! आम्ही कोणी काहीच नाही केलं. सलग दोन दिवस जादा उपसा दिसला आणि ट्रिप. ग्रुपवर मेसेजपण ऑटोमॅटिक गेला. नंदन सर एकदम खूश आहेत."

खोटं कशाला बोलू, मीही खूश झाले. आम्ही महिनोन् महिने ती सिस्टिम बांधत होतो आणि तोवर तिने स्वतःच्या मनाने साधा दिवाही लावला नव्हता. मी रश्मीला म्हटलं, "पेढे आणून ठेव, येतेच." आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

आता मी कोण आणि कसली मोटर, ते सांगते. तीस-एक वर्षं मी रेल्वेची सिग्नल यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीत सिस्टिम्स इंजिनिअर होते. निवृत्त झाले तरी लोक विचारतातच, म्हणजे नक्की काय करत होतात? मी त्यांना लग्नाच्या जेवणाचं उदाहरण देते. भाजीवाला भाजी उत्तम करतो, पुरीवाला पुऱ्या उत्तम तळतो, वाढपी झपाझप वाढतात. तरी पंगत बसल्यावर पुऱ्या आहेत आणि भाजी नाही, असं होऊ शकतं. प्रत्येकाचं काम बरोबर, पण एकूण कामाचा विचका. तो होऊ नये म्हणून सगळं एकत्र डोक्यात धरणारं एक माणूस लागतं. ते माझं काम. कौतुक भाजीवाल्याचं होतं आणि शिव्या मला बसतात.

निवृत्तीनंतर घरात बसून मी आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं वेळापत्रक सुधारायला निघाले होते. नवरा म्हणाला, शेजारी वैतागलेत, काहीतरी काम शोध. त्याच सुमारास नंदनचा फोन आला. नंदन माझ्या मुलाच्या वयाचा, डॉक्टरेट झालेला, एका संशोधन संस्थेचा प्रोजेक्ट हेड. त्याच्या प्रत्येक प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड एकच असते. भविष्यातली सिस्टिम स्वतः बघेल, स्वतः ठरवेल, स्वतः करेल. त्याला हे करून दाखवायला जागा हवी होती आणि ती मिळाली वसईजवळच्या होळी गावात.

होळीला एका आळीत आठ वाड्या आहेत. वाडी म्हणजे घर आणि त्याच्या मागची बाग. सोनचाफा, मोगरा, केळी, पानवेली, थोडी भाजी. आठ वाड्यांच्या मधोमध एक बावखल आहे. बावखल म्हणजे पूर्वजांनी खणून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं. आठही मोटरी त्यातूनच पाणी ओढतात. एप्रिल-मे महिन्यात उपसा जास्त झाला, की जमिनीखालून खाडीचं पाणी आत सरकतं आणि बावखल मचूळ होतं. मचूळ पाणी चाफ्याला चालत नाही. एकदा पाणी बिघडलं की पाऊस येईपर्यंत कोणाच्या हातात काही राहत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक मोटरीला एक डबा लावला. कोणी किती पाणी ओढलं ते डबा मोजतो आणि गरज पडली तर मोटर बंद करतो. बावखलात खारटपणा मोजणारे सेन्सर सोडले. आणि कॉम्प्युटरमध्ये त्या बावखलाचं डिजिटल ट्विन बनवलं. नाव भारदस्त आहे, पण ही नुसती जुळी बहीण आहे. खऱ्या तळ्यात जे होतं, ते हिलाही कळवत राहायचं. मग हिलाच विचारायचं, "आज आणखी दोन तास मोटरी चालवल्या तर काय होईल बाई?" ती सांगते. खऱ्या तळ्यावर प्रयोग करायची वेळ येत नाही.

झाडांच्या हिशेबाने प्रत्येक वाडीचा रोजचा वाटा ठरवला. वाट्याच्या दीडपटीवर सलग दोन दिवस पाणी गेलं, तर मोटर बंद आणि प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या गावाला मेसेज. चालू केल्यावर पुन्हा तसंच झालं, तर आठवडाभर कुलूप. हे नियम नंदनचे नाहीत. ते मी लिहिलेत.

तर त्या बुधवारी मी होळीला पोचले. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. पेढे आले होते. भिंतीवरच्या स्क्रीनवर आठ रेघा होत्या. सहा रेघा रोजच्यासारख्या सरळ. पाच नंबरची दुप्पट वर गेलेली. आणि चार नंबरची तळाला, शून्यावर.

"चारला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही, पाणी नाही वापरत दोन दिवस," रश्मी म्हणाली. "त्यावर अलार्म नाहीये ना आपला."

खरं होतं. कमी पाणी वापरणं हा काही गुन्हा नव्हे, म्हणून मीच शून्यावर अलार्म ठेवला नव्हता.

मला वाटलं, वायरिंगची गडबड आहे. चार आणि पाच शेजारी-शेजारी. कोणीतरी केबल उलटसुलट जोडली असणार आणि चारचं पाणी पाचच्या खात्यात जात असणार. तीस वर्षांत असल्या उलट्या केबली मी पोत्याने पाहिल्यात. नंदनला पाइप फुटल्याचा संशय होता. मी म्हटलं, जाऊन बघते.

पाच नंबरची वाडी दामूभाऊंची. वय पंचावन्नच्या आसपास, बोलणं मोजकं. आळीत आपसात त्यांची घरची बोली चालते, ती मला अर्धीच कळते. माझ्याशी मात्र सगळे शाळेतल्या मराठीत बोलतात. मी डबा उघडला, केबल तपासली, करंट मोजला. सगळं जागच्या जागी. पाइपच्या बाजूने चालत गेले. गळती कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. दुप्पट पाणी ओढणाऱ्या वाडीची माती कोरडी होती.

"दामूभाऊ, दोन दिवस पाणी जास्त गेलंय."

"हो."

"दुप्पट गेलंय."

"असेल."

"कशाला लागलं एवढं?"

"झाडांना, मॅडम. दुसरं कशाला लागणार?"

"पण माती तर सुकलेली दिसतेय."

त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. "ऊन बघताय ना?"

त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, चहा आणला. आम्ही चहा प्यायलो. ऊन बघितलं. मी मोटर पुन्हा चालू करून दिली आणि सांगितलं, जरा जपून, पुन्हा झालं तर आठवडाभर कुलूप लागेल. ते "बरं" म्हणाले. बाहेर पडताना एक माणूस सायकलवरून गेला आणि हसून ओरडला, "काय दामू, नाव आलं ग्रुपवर!" दामूभाऊ हसले नाहीत. त्यांनी पाठ केली आणि आत गेले.

गुरुवारी सकाळी सिस्टिमने पुन्हा मोटर बंद पाडली. या वेळी कुलूप. ग्रुपवर पुन्हा मेसेज, वाडी क्रमांक पाच, जादा उपसा, दुसरी वेळ.

नंदनने मला फोन केला. "मॅडम, तो पाणी विकतोय."

"कोणाला?"

"रस्त्यापलीकडे बंगल्यांचं काम चाललंय. बांधकामाला पाणी लागतंच. गळती नाही, सेन्सर बरोबर, माती कोरडी. मग पाणी गेलं कुठे? तुम्हीच सांगा."

माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. मोजकं बोलणारा माणूस एकतर फार सरळ असतो नाहीतर फार पोचलेला, असं आमचे जुने साहेब म्हणायचे.

"सोमवारी रिव्ह्यू आहे," नंदन पुढे म्हणाला. "हीच आपली केस स्टडी. सिस्टिमने चोरी पकडली, माणसाच्या मदतीशिवाय. यापेक्षा चांगला रिझल्ट आपल्याला मिळणार नाही."

रिव्ह्यू म्हणजे निधी देणाऱ्या संस्थेची समिती येऊन काम तपासणार. त्यावर प्रोजेक्ट पुढे चालणार की इथेच गुंडाळायचा, ते ठरणार होतं. नंदनचा उत्साह मला समजत होता. पण स्लाइडवर दामूभाऊंची वाडी चोरीचं उदाहरण म्हणून लागणार, हे काही गळ्याखाली उतरेना. मी म्हटलं, "उद्यापर्यंत थांब. मी स्वतः बघते."

शुक्रवारी सकाळी सव्वासहालाच मी होळीत हजर होते. चक्क रंगेहाथ पकडायला! स्कूटर लांब लावली, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून मातीच्या कडेने चालले. साठीनंतर अंगात येतं ते हे असं.

बावखलाच्या पायरीवर दामूभाऊ होते. मोटरला कुलूप होतं म्हणून कळशीने पाणी भरत होते. त्यांच्या मागे सुनंदाताई, आणखी आळीतलीच तिघं. एकेक जण कळशी भरून कुंपणाकडे जात होता. पण दामूभाऊंच्या वाडीत कोणीच वळत नव्हतं. कुंपणात माणूस जाईल एवढी फट होती, त्यातून सगळे पलीकडे उतरत होते. पलीकडे म्हणजे चार नंबर, वामनदादांची वाडी.

त्याच फटीतून एक काळा पाइप दामूभाऊंच्या मोटरीपासून पलीकडे गेलेला दिसला. बुधवारीही तो तिथेच असणार. वाडीत पाइप असायचेच, म्हणून मी त्याच्यावरून पाय टाकून पुढे गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी सेन्सर आणि मीटर घेऊन घातला होता.

मीही फटीतून आत गेले. पलीकडे चाफ्याची साठ कलमं होती, गुडघाभर उंचीची. गेल्या पावसानंतर लावलेली, म्हणजे हा त्यांचा पहिला उन्हाळा. हा एक उन्हाळा निघाला, की चाफा मग आपला आपण उभा राहतो. इथे मात्र बऱ्याच कलमांची पानं खाली मान घालून होती.

ओट्यावर वामनदादांची बायको, मंदाताई, बसली होती. आत, जमिनीवर, एक दिवा जळत होता.

"या मॅडम," ती म्हणाली. "आज तुम्हाला चहा विचारता येत नाही."

मला लख्ख कळलं. तरी तोंडातून निघालंच, "वामनदादा?"

"रविवारी गेले. दवाखान्यातच."

वामनदादा हे आठ जणांतले पहिले. "तुमचा तो डबा आधी माझ्याकडे लावा, मग बाकीचे लावतील," म्हणालेले. त्या डब्याची जागा त्यांनीच दाखवली होती, माझ्या पिशवीत केळीही घातली होती. ते आजारी असल्याचं मला माहीत होतं. ते गेल्याला पाच दिवस झाले होते. त्यांची रेघ पाच दिवस शून्यावर आहे हे मला मिनिटामिनिटाच्या हिशेबाने माहीत होतं आणि ते गेल्याचं माहीत नव्हतं. मला तिथे उभं राहायची लाज वाटली. मी मंदाताईजवळ जाऊन बसले.

थोड्या वेळाने मी दामूभाऊंकडे गेले. ते कळशी ठेवून कपाळ पुसत होते.

"सुतक आहे," ते म्हणाले. "फुलं देवाला जातात ना? मग तेरा दिवस त्या घरचा हात चाफ्याला लागत नाही. खुडायचं नाही, पाणी घालायचं नाही, मोटरीचं बटणसुद्धा नाही. पाणी शेजारच्या मोटरीचं, फुलं शेजाऱ्याने खुडायची. आमचे वडील गेले तेव्हा वामनने केलं. आता मी."

"अहो, मग बुधवारी मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं ना?"

"काय सांगायचं?" ते खरंच गोंधळले होते. "शेजाऱ्याच्या झाडाला पाणी घातलं, हे सांगत सुटायचं?"

"लोकांनी तुम्हाला पाणीचोर म्हटलं असतं."

"आळीतलं कोणी नाही म्हणणार. बाहेरचे म्हणाले तर म्हणोत. बोललं की ते उपकार होतात, मॅडम. वामनच्या घरावर उपकार कसले?"

"आणि सुरुवातीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, कोणाचं पाणी कोण घेतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, ज्याची मोटर त्याची वाडी."

"मग? बरोबरच आहे. रोजचं तसंच असतं. तुम्ही रोजचं विचारलंत."

रिक्वायरमेंट, म्हणजे सिस्टिमने काय करावं याची सुरुवातीला करतात ती यादी, मी स्वतः लिहिली होती. एक मोटर, एक वाडी. आठ घरांत फिरून, चहा पिऊन, झाडं मोजून लिहिली होती. शेजारी नावाची गोष्ट त्या यादीत कुठेच नव्हती. दामूभाऊंची स्वतःची माती का कोरडी होती, तेही आता कळलं. पहिलं पाणी ते चार नंबरला देत होते. आपल्या झाडांची पाळी येईपर्यंत आमची सिस्टिम मोटर बंद पाडत होती.

मी तिथूनच नंदनला फोन लावला. "पाच नंबरचं कुलूप काढ."

"मॅडम, नाही काढता येणार. आठवड्याच्या आत कुलूप काढलं तर रिव्ह्यूचा डेटा खराब होईल."

"डेटा खराब होऊ दे. इथे कलमं मरतायत." मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण बावखल? दुप्पट उपसा चालू ठेवला आणि पाणी मचूळ झालं तर आठही जण गेले."

मुद्दा रास्त होता. मी म्हटलं, "आठही रेघांची बेरीज कर."

त्याने रश्मीलाही फोनवर घेतलं, तिचा कीबोर्ड खडखडला. मग तिचाच आवाज आला. "मॅडम... कुलूप लागेपर्यंत बेरीज सेमच आहे. रोजच्याएवढीच. चारचं कमी झालं तेवढंच पाचचं वाढलंय."

बावखलाला काडीचा धोका नव्हता. पाणी तेवढंच, झाडं तीच. फक्त बटण दाबणारा हात बदलला होता. जुळ्या बहिणीला विचारलं असतं, तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की मला काही त्रास नाही. आम्ही तिला विचारलंच नव्हतं, आम्ही वाटे मोजत बसलो होतो.

नंदनचं उत्तर यायच्या आतच मी डबा उघडला आणि स्विच मॅन्युअलवर टाकला. असं करायचं नसतं. मीच लिहिलेल्या पद्धतीप्रमाणे त्याला दोन सह्या लागतात. मोटर सुरू झाली, काळा पाइप फुगला, कुंपणापलीकडे पाणी पडल्याचा आवाज आला. सुनंदाताईंनी हातातली कळशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

शनिवारी नंदन स्वतः आला. आधी मंदाताईला भेटून आला आणि मग दामूभाऊंच्या ओट्यावर बैठक बसली. पोरगा मनाने चांगला आहे, पण इंजिनिअरच. चूक मान्य केल्याबरोबर त्याने उपाय काढला.

"आपण ॲपमध्ये सुतक मोड टाकू," तो म्हणाला. "एक बटण. दाबलं की त्या वाडीचा वाटा तेरा दिवस शेजारच्या वाडीला जोडला जाईल. सिंपल."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"बटण दाबणार कोण?" दामूभाऊंनी विचारलं.

"ज्यांच्या घरी... म्हणजे ज्यांना सुतक आहे, ते."

"माणूस गेलाय आणि आम्ही मोबाइल काढून बटण दाबायचं?"

"मग शेजारी दाबतील."

"शेजाऱ्याने?" आता सुनंदाताई बोलल्या. "आणि पेशंट दवाखान्यातून बरा होऊन आला तर? त्याला काय सांगायचं, तुमचं बटण आधीच दाबून ठेवलंय म्हणून?"

कोपऱ्यात एक नंबरचे आजोबा बसले होते. नव्वदीला टेकलेले. त्यांनी काठी पुढे केली आणि नंदनला शांतपणे विचारलं, "डॉक्टर, ते बटण लहान पोरांच्या हाताला लागलं आणि आळीत माझ्या नावाने मेसेज आला, तर मी काय करायचं?"

मग आजोबाच खो-खो हसायला लागले आणि सगळा ओटा हसला. नंदन कानापर्यंत लाल झाला होता, पण हसला तोही. सुतक मोड तिथेच बारगळला.

शेवटी आम्ही वाटेच काढून टाकले. सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, सिस्टिमची हद्द कुठे आखायची? मी ती प्रत्येक वाडीभोवती आखली होती. ती हवी होती बावखलाभोवती. आता सिस्टिम आठही मोटरींची बेरीज बघते आणि खारटपणा बघते. बेरीज वाढली, तर सगळ्यांना आधी सांगते. आठ जणांनी ते पाणी आपसात कसं घ्यायचं, ते आठ जण बघतात. आमच्या आधी पिढ्यान्पिढ्या तेच तर बघत आले होते.

राहिला तो ग्रुपवरचा मेसेज. दामूभाऊ म्हणाले, "काही लिहू नका, विषय वाढतो." एरवी मी त्यांचं ऐकलं असतं, पण या बाबतीत नाही ऐकलं. ज्याचं नाव चारचौघांत गेलं, त्याची माफीही चारचौघांतच मागायची. मी लिहिलं, "वाडी क्रमांक पाचबद्दलचे दोन्ही संदेश चुकीचे होते. चूक आमची होती." खाली माझं नाव घातलं. कारण लिहिलं नाही. सायकलवाल्याने सगळ्यात आधी अंगठा दिला.

सोमवारी रिव्ह्यू झाला. नंदनने चोरीची स्लाइड काढली आणि त्या जागी आठ रेघांचा आलेख लावला. सिस्टिमने स्वतःहून घेतलेला पहिला निर्णय चुकला, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. भर समितीपुढे हे सांगायला छाती लागते. मी त्याला तेव्हापासून जरा कमी चिडवते.

समितीत एक वयस्कर प्रोफेसर होते. त्यांनी विचारलं, "पुढे-मागे तुमचं मॉडेल हे आपोआप शिकेल ना? डेटा जमला की?"

नंदनने माझ्याकडे बघितलं.

"शिकेल, सर," मी म्हटलं. "पण त्यासाठी आळीत पुरेशी माणसं जायची वाट बघावी लागेल. त्यापेक्षा विचारून घेणं सोपं पडतं."

ते हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "मग तुमच्या संशोधनाचा पुढचा विषय काय?"

"सिस्टिमने कुठे थांबावं, तो," नंदन म्हणाला. त्याची पहिली स्लाइड त्या दिवशी त्याने दाखवलीच नव्हती. प्रोजेक्टला आणखी दोन वर्षं मिळाली.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी मी ऑफिसात होते. सहा वाजून काही मिनिटांनी चार नंबरची रेघ तळातून उठली आणि हळूहळू आपल्या जागी आली. पाच नंबरची रेघ खाली बसली. मंदाताईने बटण दाबलं होतं. साठ कलमांतली अकरा गेली, एकोणपन्नास उरली. अकरांचं पाप माझ्या दोन नियमांचं आहे, ते मी कोणावर ढकलत नाही.

रश्मी जुने अलार्म बंद करत होती. अलार्म बंद करताना कॉम्प्युटर कारण विचारतो आणि यादी दाखवतो. गळती, चोरी, सेन्सरचा बिघाड, इतर.

"इतर टाकू?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "यादीत नवीन कारण घाल. शेजारी."

त्यानंतर मी कामाची पद्धत थोडी बदलली. हल्ली कामणच्या एका गोदामात माल हलवणाऱ्या यंत्रांचं काम बघते. तिथल्या मॅनेजरला मी पहिल्याच बैठकीत विचारलं, "तुमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं, तर त्याचं काम कोण करतं आणि कसं?" तो चमकला. म्हणाला, मॅडम, असलं कोणी विचारत नाही. मग खुर्ची पुढे ओढून त्याने जे सांगितलं, ते त्यांच्या एकाही मॅन्युअलमध्ये नव्हतं. रोज काय होतं हे कोणीही सांगतं. सिस्टिम मोडते ती वाईट दिवशी, म्हणून वाईट दिवसाचं आधी विचारावं. तीस वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी शिकवलं नाही, दामूभाऊंनी एका वाक्यात शिकवलं.

होळीची सिस्टिम उत्तम चालली आहे. गेल्या पावसानंतर रश्मीने आलेखाशेजारी ते नवं कारण दोनदा लिहून ठेवलं. दोन्ही वेळा एक रेघ तळाला गेली आणि शेजारची तेवढीच वर आली. सिस्टिमने काही केलं नाही. आम्हीही कोणाला फोन करून काही विचारलं नाही. मी फक्त स्कूटर काढली आणि त्या घरी जाऊन बसून आले.